नव्या उपचार-पद्धतीच्या चाचणीत आपला दवाखाना द्यावा का?

प्रश्न (फॅमिली डॉक्टर, राजारामपुरी, कोल्हापूर):
नमस्कार. मधुमेह आणि रक्तदाबाच्या जुन्या रुग्णांची देखभाल करण्याच्या एका नव्या पद्धतीची चाचणी होणार असून, तीत माझा दवाखाना घेण्याचा प्रस्ताव आला आहे. परिचारिका रुग्णांना घरी फोन करून गोळ्या चुकल्या का, रक्तदाब किती आला, हे विचारणार आणि आकडे वाढले तर मला कळवणार. ही सोय कोणत्या दवाखान्यांना मिळेल आणि कुठे नेहमीचेच उपचार चालतील, हे सोडतीने ठरेल. माझ्याकडे शिवाजी उद्यमनगरातील फौंड्री कामगार पाळी सुटल्यावर एकदमच येतात. त्या गर्दीत हे काम कसे निभावते? अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर १ (इचलकरंजी):
डॉक्टर, सर्वांत जास्त वेळ संमतीपत्राला लागतो. यंत्रमाग कामगाराला ते वाचून दाखवले की तो विचारतो, "सही कशापायी? कर्जाबिर्जाचं काय न्हाई न्हवं?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शांतपणे दिलेच पाहिजे, म्हणून हे काम मी दुपारी, गर्दी नसताना ठेवले. फायदा मात्र खरा होता. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका बाई उपवासाच्या दिवशी साखरेची गोळी घेतच नाहीत, हे मला परिचारिकेच्या फोनमुळे कळले, कारण मला त्या "घेते की" एवढेच सांगत असत. वाईट वाटते ते पुढचे: चाचणी संपताच परिचारिका गेली, चाचणी घेणाऱ्या संस्थेने मागे कोणतीही सोय ठेवली नाही आणि रुग्ण "फोन का येत नाही?" असे मलाच विचारत राहिले.

उत्तर २ (कम्युनिटी मेडिसिनची अध्यापिका, कोल्हापूर):
सोडत रुग्णांची न काढता दवाखान्यांची काढतात, कारण एकाच डॉक्टरने काही रुग्णांना नव्या आणि काहींना जुन्या पद्धतीने तपासले, तर नव्या सवयी नकळत सगळ्यांनाच लागू होतात आणि फरक पुसला जातो. निकालाबाबत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. ब्रिटनमध्ये एकाहून अधिक जुनाट आजार असलेल्या रुग्णांवर झालेल्या 'थ्री-डी' चाचणीत 33 दवाखाने आणि 1546 रुग्ण होते. 2018 साली निकाल आला तेव्हा जीवनमानात फरक दिसला नाही, पण आपली विचारपूस नीट होते, असे रुग्णांना अधिक वाटू लागले होते. उलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतील 30 ग्रामीण वस्त्यांमध्ये आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला व सल्ला दिला, डॉक्टरांनाही प्रशिक्षण मिळाले, आणि दोन वर्षांत तेथील वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे 5 अंकांनी अधिक उतरला. माझ्या मते घरापर्यंत पोहोचणाऱ्या माणसाचा त्यात मोठा वाटा असावा.

उत्तर ३ (गडहिंग्लज):
आमचा दवाखाना सोडतीत नेहमीच्या उपचारांच्या गटात गेला. नोंदी तेवढ्याच ठेवायच्या आणि हाती नवे काही नाही, याने कर्मचारी नाराज झाले होते. चाचणीनंतर तीच सोय आम्हालाही मिळेल, असे आधी लिहून घेतले असते तर त्यांची समजूत घालणे सोपे गेले असते. आपण सही करण्यापूर्वी रुग्णांचे हित तपासणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत आणि 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या देशातील चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंदणी क्रमांक मागून घ्या. परिचारिकेचा पगार शेवटच्या महिन्यानंतर कोण देणार, हेही लेखी घ्या. त्या मुद्द्यावर टाळाटाळ झाली, तर मी आपल्या जागी नकार देईन.