मदत हवी आहे : चुंबकसीमेजवळ ३ हर्ट्झला दिसणारी ही लहर कोणती?

अर्धवट_प्रबंध : नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी चुंबकसीमेवरील (ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र आणि सौरवारा यांच्यामधली सीमा) प्लाझ्मा लहरींचा, म्हणजे विद्युतभारित वायूतल्या लहरींचा, अभ्यास करत असून, चुंबकीय क्षेत्राच्या वर्णपटात ३ हर्ट्झच्या आसपास एक ठळक उंचवटा येतो आहे. प्रोटॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता (चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेण्याची) ०.३ हर्ट्झ निघते, म्हणजे ही लहर तिच्या दहापट वर बसते, आणि माझ्याजवळच्या एकाही तक्त्यात ती सापडत नाही. मार्गदर्शक सर परगावी आहेत आणि सोमवारी सादरीकरण आहे. कृपया लहरीचे नाव तेवढे सांगावे. ‘आधी मूलभूत वाचन करा’ असे प्रतिसाद नकोत, ते करून झाले आहे.

लहरी_माणूस : ग्रह कोणता, यान कोणते, क्षेत्राची तीव्रता किती आणि सेकंदाला नोंदी किती, यांपैकी काहीही न सांगता लहरीचे नाव विचारणे म्हणजे जन्मवेळ न सांगता पत्रिका मांडून मागण्यासारखे आहे.

अर्धवट_प्रबंध : ग्रह पृथ्वीच, आणखी कोणता? याने एमएमएसची, म्हणजे नासाची एकत्र फिरणारी चार याने. क्षेत्र सुमारे २० नॅनोटेस्ला. जागा सीमेच्या आतली, म्हणजे पृथ्वीकडची कड, जिथे घनता झपाट्याने उतरते. नोंदी बर्स्ट प्रकारच्या, म्हणजे सर्वाधिक वेगाने घेतलेल्या, आहेत.

पाषाणकर : यात शोधण्यासारखे काही नाही, ही केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर वारा सुटला की ज्या लाटा उठतात, त्याच तत्त्वाने सौरवारा चुंबकावरणाच्या कडेवरून घासत जातो तेव्हा सीमेवर लाटा उठतात आणि पुढे त्यांचे भोवरे होतात. प्रबंधात बिनदिक्कत लिहा.

लहरी_माणूस : पाषाणकर, प्रत्येक धाग्यावर आपले हेच उत्तर असते. त्या लाटांचा आवर्तकाल काही मिनिटांचा असतो आणि येथे सेकंदाला तीन आवर्तने आहेत. मिनिटांची लाट ३ हर्ट्झवर कशी येईल, ते आधी सांगा.

पाषाणकर : मूळ लाट मिनिटांची असते हे मलाही ठाऊक आहे. परंतु तिच्या भोवऱ्यांच्या कडांवर घनतेचा उतार इतका तीव्र होतो की तेथे लोअर हायब्रिड लहरी (प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या सायक्लोट्रॉन वारंवारतांच्या मधल्या) उठतात, आणि एमएमएसनेच त्या तशा ठिकाणी टिपल्या आहेत. मुळाशी माझीच अस्थिरता असू शकते, एवढे तरी मान्य करा.

लहरी_माणूस : असू शकते हे मान्य, पण मग आकडा जुळवू. इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता दर नॅनोटेस्लाला २८ हर्ट्झ, म्हणून २० नॅनोटेस्लाला ५६० हर्ट्झ. दाट प्लाझ्मात लोअर हायब्रिड वारंवारता तिच्या साधारण ४३ व्या भागाइतकी, म्हणजे १३ हर्ट्झ येते. धागाकर्त्यांचा उंचवटा ३ ला आहे, त्यामुळे आपले उत्तर येथेही बसत नाही.

भोसरीचा_निवृत्त : मी कारखान्यात कंपनमापनाचे काम बरीच वर्षे केले आहे. एकदा सेकंदाला ४८ नोंदी घेणाऱ्या यंत्रावर २ हर्ट्झची लहर दिसू लागली आणि आम्ही आठवडाभर मशिनचा पाया तपासत बसलो, पाया खणायचीही तयारी झाली होती. शेवटी ती विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण निघाली. आपणही ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच वारंवारता गाळणारा, लावून पाहावा.

लहरी_माणूस : काका, चुंबकसीमा सूर्याच्या बाजूला पृथ्वीच्या साधारण दहा त्रिज्यांवर असते. तिथवर महावितरणची तार अजून गेलेली नाही.

कोकणप्रेमी : विजेच्या गोंगाटावरून आठवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली, आणि १९०४ पासून तेथे नोंदी चालू आहेत. पुण्याहून सकाळी निघाल्यास पाहून संध्याकाळी परतता येते.

गणिताची_बाई : काकांच्या नॉच फिल्टरवर हसण्याआधी त्यांची गोष्ट नीट वाचावी. सेकंदाला ४८ नोंदींमध्ये त्यांच्या निम्मे, म्हणजे २४ हर्ट्झपर्यंतच मावते, त्यामुळे ५० हर्ट्झ मावत नाही आणि ती वारंवारता दुमडून २ वर येते. एमएमएसच्या क्षेत्रमापकाच्या बर्स्ट नोंदी सेकंदाला १२८ असतात, त्यात ३ किंवा १३ हर्ट्झला काहीच अडचण नाही. धागाकर्त्यांनी त्या १२८ नोंदींचे मध्ये काही केले आहे का?

अर्धवट_प्रबंध : विशेष काही नाही. फाइल मोठी असल्याने लॅपटॉप अडकत होता, म्हणून दर आठवी नोंद ठेवून बाकीच्या वगळल्या. ते तर सगळेच करतात.

गणिताची_बाई : सगळे करतात, पण आधी वरच्या वारंवारता गाळणारा लो-पास फिल्टर लावून. तुमच्याकडे सेकंदाला १६ नोंदी उरल्या आणि ८ हर्ट्झच्या वरचे जे काही होते ते खाली दुमडले गेले. १६ मधून १३ गेले की ३ उरतात.

पाषाणकर : म्हणजे लोअर हायब्रिडच. मी वर तेच म्हटले होते.

गणिताची_बाई : घाई नको. १९ हर्ट्झसुद्धा दुमडून ३ वरच येतात, २९ आणि ३५ सुद्धा. पूर्ण १२८ नोंदी घ्या आणि लॅपटॉपला झेपतील असे काही सेकंदांचे तुकडे पाडून वर्णपट काढा.

अर्धवट_प्रबंध : काढला. ३ वर आता सपाट आहे, उंचवटा १९ वर गेला आहे. १३ वर काहीही नाही. आता काय?

लहरी_माणूस : आता डॉप्लर, म्हणजे प्रवाहामुळे मोजलेल्या वारंवारतेत पडणारा फरक. तुम्ही यानाच्या चौकटीत मोजता आहात आणि प्लाझ्मा यानावरून वाहतो आहे. सुमारे ५० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची परिभ्रमणत्रिज्या या क्षेत्रात १.२ किलोमीटर होते आणि या लहरींची लांबी साधारण तिच्या सहापट, म्हणजे सात-साडेसात किलोमीटर धरता येते. तेवढ्या लांबीला ६ हर्ट्झचा फरक पडण्यासाठी लहरीच्या दिशेने सेकंदाला ४५ किलोमीटरचा प्रवाह पुरतो, आणि चुंबकसीमेजवळ तेवढा प्रवाह सहज असतो.

अर्धवट_प्रबंध : मग चार यानांमधल्या वेळेच्या फरकावरून दिशा काढतो.

लहरी_माणूस : यानांमधले अंतर आधी पाहा. ते १० किलोमीटर असेल तर लहर त्याहून आखूड ठरते, आणि कोणता शिखरबिंदू कोणत्या यानावर पोचला हे ओळखता येणार नाही. त्याऐवजी एकाच यानावर काम करा. मुख्य क्षेत्राला समांतर असलेल्या चुंबकीय चढउतारांवरून विद्युतविभव काढा, विद्युतक्षेत्राचे कालानुसार संकलन करून त्याला वेगाने गुणा, आणि हे दोन आलेख कोणत्या वेगाला व दिशेला जुळतात ते पाहा. त्यासाठी विद्युतक्षेत्राच्याही बर्स्ट नोंदी लागतील. त्या सेकंदाला ८१९२ असतात, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपची आधीच क्षमा मागतो.

भोसरीचा_निवृत्त : म्हणजे नॉच फिल्टर लागणार नाही?

गणिताची_बाई : नाही काका, पण तुमच्या पायाच्या गोष्टीमुळेच चूक सापडली.

अर्धवट_प्रबंध : आयनांचा वेग पाहिला. लहरीची दिशा अंदाजाने धरली तर घटक सेकंदाला ४० किलोमीटरच्या आसपास येतो. यानांमधले अंतर खरोखरच १० किलोमीटर आहे. विद्युतक्षेत्राची फाइल उतरवायला लावली आहे. सोमवारच्या स्लाइडवर ‘लोअर हायब्रिड’ असे नाव लिहू का?

गणिताची_बाई : ‘यानाच्या चौकटीत १९ हर्ट्झ, बहुधा लोअर हायब्रिड, दिशा तपासणे चालू’ असे लिहा. आणि ती दर आठवी नोंद ठेवणारी ओळ आजच कोडमधून काढून टाका.