प्रतिसाद: गंगापूर धरणाकाठी डिसेंबरात गोरज मुहूर्त

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकाठी डिसेंबरात गोरज मुहूर्तावर लग्न करायचं तर कसं जमेल, असं विचारलंय. ३०० पाहुणे, उघड्यावर मांडव आणि काठावर जागा, हे जमेल. पण वरच्या प्रतिसादांत सगळे सजावटीवरच बोलतायत, खरा प्रश्न वाऱ्याचा आहे.

पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला काहीच आडवं नसतं. काळ्या मातीत नुसत्या खुंट्या धरत नाहीत. मांडवाच्या प्रत्येक खांबाला २०० लिटरचं पाण्याने भरलेलं पिंप बांधायला सांगा. छताचं कापड सलग ताणू नका, मध्ये फटी ठेवा, नाहीतर शिडासारखं फुगतं. अंतरपाटाच्या खालच्या काठात बांबूची काडी शिवून घ्या, नाहीतर मंगलाष्टकं संपायच्या आधीच नवरानवरी एकमेकांना बघून मोकळे! होमकुंड मांडवाच्या कापडापासून लांब, वारा जाईल त्या बाजूला. गुरुजींच्या माइकला फोमची टोपी हवीच, त्याशिवाय नुसती घरघर ऐकू येते.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, अंधार लगेच पडतो. पाण्याजवळ किडे फार, म्हणून जेवणाच्या टेबलांवर पिवळे, मंद दिवे. पांढरे झगझगीत दिवे लांब, पार्किंगकडे. नऊनंतर दव पडतं आणि खुर्च्यांची कापडं ओली होतात, तेव्हा जेवणाची जागा तरी झाकलेली असू द्या. वरण-भात पंधरा मिनिटांत गार होतो.

जनरेटरची गाडी आदल्या दिवशीच आणून ठेवा. ओल्या जमिनीत चाकं रुततात. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, तो कायदाच आहे. जागा पाटबंधारे खात्याच्या हद्दीत येते का, हे मात्र आगाऊ रक्कम देण्याआधी सातबारा बघून ठरवा.