वाळलेला शिरीष, सुताराची ढोली आणि बदल्यात दहा रोपं

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नाशकातल्या सावरकरनगरात राहतो. सोसायटीच्या मागच्या कुंपणाला लागून एक जुना शिरीष आहे, दोन पावसाळ्यांपूर्वी वाळला. यंदा सोनपाठी सुतार पक्ष्याच्या जोडीने त्याच्या खोडात ढोली कोरली. सकाळी दूध तापवताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते. नराचा सगळा माथा लाल, मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके, एवढं आता ओळखता येतं. चार दिवसांपासून आतून पिल्लांची बारीक किरकिर ऐकू येते.

परवाच्या सभेत झाड पावसाळ्याआधी तोडायचं ठरलं. खाली गाड्या असतात, मुलं खेळतात, त्यामुळे भीती खोटी नाही. अध्यक्ष म्हणाले, "बदल्यात दहा रोपं लावू, लाकडी पेट्या टांगू. पक्षी जाईल दुसऱ्या झाडावर." एक काका म्हणाले, अमेरिकेत पेट्यांनीच सुतार वाचवले. मला तिथे काही बोलता आलं नाही आणि ते तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे. खरंच जाईल का हो तो दुसऱ्या झाडावर?

सादडा

ताई, आधी पिल्लं उडेपर्यंत करवत थांबवा. सोनपाठीची अंडी साधारण ११ दिवसांत फुटतात, पुढे २० दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे पंधरा-सोळा दिवसांचाच प्रश्न आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला धक्का लावणं शिकारीतच मोडतं, हे अध्यक्षांना शांतपणे सांगा. झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही लागते.

मी पेठ-हरसूल भागात वनरक्षक होतो. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडताना वाळकी, पोकळ झाडं आधी निघायची, निरुपयोगी म्हणून. मीही काढून घेतली आहेत. एका उतारावरचे ऐनाचे जुने वृक्ष असे गेले आणि पुढच्या फाल्गुनात तिथे सुताराची टकटक नव्हती. साग भरपूर होता, पण सगळा मांडीएवढा, सरळ, निरोगी. त्यात कोरणार कुठे? त्याच्या मागोमाग पिंगळा गेला, दयाळ गेला. ही पाखरं स्वतः ढोली कोरत नाहीत, सुताराने सोडलेल्या घरात राहतात. रोप वर्षात गुडघ्याला येतं. ढोलीजोगं खोड व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

पाऊलवाट

काकांनी ऐकलेली गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तो पक्षी म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातला रेड-कॉकेडेड वुडपेकर. लाँगलीफ पाइनचं जंगल तिथे एकेकाळी सुमारे ९ कोटी एकर होतं. लाकडासाठी आणि शेतीसाठी तोडता तोडता अगदी थोडं उरलं. हा सुतार जिवंत पाइनमध्येच ढोली कोरतो, आणि तेही म्हाताऱ्या झाडात, कारण बुरशीने गाभा मऊ झालेला असतो. एका ढोलीला कित्येकदा काही वर्षं लागतात. ढोलीभोवती झाडाचा चिक वाहता ठेवतो, म्हणजे साप चढत नाही. अशी झाडं संपली तसा पक्षी संपत आला आणि १९७० मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो वादळात दक्षिण कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलात ढोल्यांची बहुतेक झाडं एका रात्रीत पडली. तेव्हा उरलेल्या पाइनच्या खोडात करवतीने खाच पाडून आत लाकडी पेट्या बसवल्या. नीट वाचा, टांगल्या नाहीत, जुन्या उभ्या झाडाच्या खोडात बसवल्या. शिवाय खालची दाटी वाढू नये म्हणून ठरवून आगी लावल्या, जुनं जंगल राखलं. २०२४ मध्ये कुठे त्याची श्रेणी एक पायरी सुधारली. ५४ वर्षं लागली, ताई! आणि झाडच नसतं तर पेटी कशात बसवली असती?

तुमच्या कुंपणावर टांगलेली रिकामी पेटी मैना घेईल. आपला सोनपाठी सहसा स्वतःच ढोली कोरतो.

मोहाचं पान

ढोली किती उंचावर आहे? वरच्या वाळक्या फांद्या उतरवून खोड तेवढं उभं ठेवता येतं. धोका बहुतेक फांद्यांचा असतो. पण बुंधा आणि मुळं जाणकाराकडून तपासून घ्या, मुळं कुजली असतील तर हा उपाय नको.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. ढोली साधारण बारा फुटांवर आहे. काल अध्यक्षांना चहाला बोलावलं आणि खिडकीशी बसवलं. अर्ध्या तासात नर-मादी सात वेळा चारा घेऊन आली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली जाऊन त्यांनी स्वतः गाड्या पुढच्या बाजूला लावायला सांगितल्या आणि झाडाभोवती दोरी बांधली. पिल्लं उडाल्यावर मुळं तपासायची, ठीक असतील तर फांद्याच उतरवायच्या, असं तूर्त ठरलंय.

नाशकात दोराने चढून, खोडाला हिसका न देता फांद्या उतरवणारं कुणी माहीत आहे का? जूनच्या पहिल्या पावसाआधी काम व्हायला हवं.