आजोबांचे बिदरी पानदान लिलावात देण्यापूर्वी काय करावे?

प्रश्न (नांदेड):
आमच्या घरी पणजोबांपासून चालत आलेले बिदरी पानदान आहे. झाकणावर अफूच्या फुलांची चांदीची नक्षी असून एका कडेला दोन पाकळ्या निखळल्या आहेत. चांदी इतकी काळवंडली आहे की नक्षी तिरप्या उजेडातच दिसते. वहिनी पितांबरीने घासायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवले. मुंबईच्या लिलावसंस्थेकडे देण्यापूर्वी ते स्वच्छ करावे का? परदेशात अधिक किंमत येते असेही ऐकतो.

उत्तर १:
वहिनींना थांबवलेत, हे फार चांगले केलेत. बिदरीचे भांडे चांदीचे नसते. ते जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले असते, आणि बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने जस्त काळे पडते, चांदी मात्र तशीच राहते. तो काळा थर हाच बिदरीचा जीव आहे. घासल्याने चांदी उजळेल, पण थर झिजून करडा धातू उघडा पडेल. नव्याने काळे केलेले भांडे जाणकार ओळखतात आणि बोली तिथेच थंडावते. निखळलेल्या पाकळ्याही बसवून घेऊ नका. मूळ स्थितीतला दोष चालतो, झाकलेला दोष चालत नाही. नक्षी तारेची आहे की पत्र्याची, हे भिंगाने पाहा आणि दिवसाच्या उजेडात सर्व बाजूंनी, तळासकट, छायाचित्रे घ्या.

उत्तर २:
परदेशाचा विचार सध्या बाजूला ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, देशात मात्र ती विकता येते. वय त्याहून कमी असल्याचा दावा असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

करारावर सही करण्यापूर्वी राखीव किंमत लेखी ठरवून घ्या, कारण त्याखाली बोली थांबली तर वस्तू विकली जात नाही. विक्रेत्याचे कमिशन, विमा, वाहतूक आणि वस्तू परत आल्यास लागणारा खर्च, हे सारे स्पष्ट विचारा. हातोडा पडतो ती रक्कम तुमच्या हाती येणारी नसते, आणि खरेदीदारालाही त्यावर अधिभार द्यावा लागतो. माझ्या एका नातेवाइकाने हे न विचारता चांदीचे अत्तरदाण दिले आणि पदरी पडलेली रक्कम पाहून तो फार दुखावला.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. तळाशी मोडीतली दोन अक्षरे कोरलेली आज दिसली. काकांच्या लग्नाच्या छायाचित्रातही हेच पानदान आजीच्या पुढ्यात आहे.

उत्तर १:
अक्षरांवरची धूळ फक्त मऊ, कोरड्या कुंचल्याने झटका आणि ती मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. वस्तू कुणाच्या घरी होती, याचा असा पुरावा कॅटलॉगच्या वर्णनात थेट उपयोगी पडतो. मूळ छायाचित्र मात्र घरीच ठेवून संस्थेला प्रत द्या.