मदत हवी आहे: राखेच्या ढगाखाली 'बोटं' सुटतात, प्रयोग चुकतोय का?

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या एका गावात मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, दुसऱ्या दिवशी त्याची राख दिल्लीवर आली आणि विमानं रद्द झाली. त्या बातमीवर आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आमच्या गुऱ्हाळाची काजळी शेजारच्या अंगणात पडते. मग ती राख समुद्र ओलांडून कशी गेली?"

मी सांगितलं ते असं. ज्वालामुखीच्या मुखातून निघतानाच राखेचा लोट हवेपेक्षा जड असतो. वर जाताना तो भोवतालची हवा ओढून घेतो, बारीक गरम राख त्या हवेला तापवते आणि लोट हलका होऊन चढतो. पुरेशी हवा मिसळली नाही तर तो कोसळून डोंगरउतारावरून धावतो. आसपासच्या हवेइतकाच जड झाला की चढणं थांबतं आणि तो छत्रीसारखा आडवा पसरतो. थंडीत पहाटे चुलवाणाचा धूर उसाच्या फडावर आडवा तरंगतो, ते मुलींनी रोज पाहिलंय, त्यामुळे पटकन समजलं. भरड राख जवळच पडते, बारीक वाऱ्याबरोबर जाते.

आता अडचण. विज्ञान प्रदर्शनासाठी दोन मुली राखेच्या या ढगाचा प्रयोग करतायत. काचेच्या टाकीत खाली दाट मिठाचं पाणी, वर साधं पाणी. मधोमध नळीनं सौम्य मिठाचं रंगीत पाणी सोडलं, तर ढग सुरेख आडवा पसरतो. त्याच पाण्यात खडूची पूड मिसळली की थोड्या वेळानं ढगाच्या तळातून बोटांसारखे धागे खाली सुटतात. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मुली हिरमुसल्यात. आमचं काय चुकतंय?

प्रतिसाद (खानापूर)
बाई, काही चुकत नाही, उलट मुलींना खरी गोष्ट सापडली आहे! आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुल ज्वालामुखीच्या २०१० च्या ढगाखाली अशीच बोटं दिसली होती. ढगाच्या तळातून कण खालच्या स्वच्छ हवेत उतरतात. तिथं राख-हवेचा पातळ थर तयार होतो, तो खालच्या हवेपेक्षा जड होतो आणि एकदम धाग्यांनी सुटतो. एकेकटा बारीक कण फार हळू पडला असता. या धाग्यांत तो कितीतरी लवकर खाली येतो. म्हणजे राख ढगातून नुसती गळत नाही, ढग किती लांब जाणार हेही ती ठरवते. ओलाव्यानं कण एकमेकांना चिकटून गोळे झाले तरी राख लवकर पडते.

पूड वस्त्रगाळ करा आणि कमी-जास्त प्रमाणात तीनदा करून बघा. धागे किती वेळानं सुटले ते घड्याळ लावून वहीत लिहायला सांगा. परीक्षकांना तेच आधी दाखवा.

धागाकर्ती
मनापासून आभार सर. मुलींना आत्ताच फोन करून सांगितलं, दोघी पूड गाळायला बसल्यात. शनिवारी तिन्ही वेळा इथंच लिहिते.