किराणा दुकानात माल लावणारा कर्ट वॉर्नर खरंच सुपर बोल जिंकला का? मधली वर्षं तो काय करत होता?

मिरजकर_९४

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सांगलीत कॉलेजला आहे, विकेटकीपर आहे, टीमच्या यादीत नाव असतं पण खेळायला मिळत नाही, सिनिअर कीपर असल्यामुळं हा कायम बाहेर, ड्रिंक्स घेऊन पळायचं आणि वॉर्मअपला कॅच द्यायचे एवढंच. आता शेवटचं वर्ष आलंय आणि पप्पा म्हणतात बास झालं, मार्केट यार्डात आपल्या हळदीच्या पेढीवर ये. मला दोघांचंही पटतं म्हणून इथं विचारतोय.

परवा ग्रुपवर कुणीतरी कर्ट वॉर्नर नावाच्या अमेरिकन फुटबॉलवाल्याबद्दल टाकलं होतं, कॉलेजात बेंचवर, मग किराणा दुकानात रात्री माल लावायचा आणि मग थेट सुपर बोल, म्हणजे तिकडच्या प्रो लीगची फायनल. भावानं ते स्टेटसला ठेवलंय. खरंय का हे? आणि खरं असेल तर दुकानातून तिथवर पोचला कसा, मधलं कुणीच सांगत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे नक्की काय करतो तेपण मला धड माहीत नाही, जरा सविस्तर लिहा कुणीतरी.

शाहूपुरी_सातारा

खरंय भावा, सगळं खरंय. मी कंपनीच्या कामानं आयोवा राज्यात सीडर रॅपिड्सला राहून आलोय, वॉर्नर तिथल्याच शाळेत शिकला, अजून त्याचा विषय निघाला की ऑफिसातली माणसं हातातलं काम ठेवून बोलत बसायची.

आधी क्वार्टरबॅक. बॉल त्याच्या हातात आला की साधारण तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात समोरचा बचाव कुठं सरकतोय ते बघायचं, आपले चार-पाच जण वेगवेगळ्या दिशेला पळत असतात त्यातला कोण मोकळा होणार ते ओळखायचं, आणि तो आत्ता जिथं आहे तिथं नाही, पुढं जिथं पोचणार आहे तिथं बॉल फेकायचा. हे सगळं सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. आणि मैदानात एका वेळी एकच क्वार्टरबॅक असतो, म्हणजे तुझ्या भावाच्या कीपिंगसारखंच, पुढचा माणूस हलल्याशिवाय मागच्याला जागा नाही.

तिकडं शाळेतून कॉलेजची टीम आणि कॉलेजातून ड्राफ्ट, हाच मुख्य रस्ता. ड्राफ्टमध्ये सगळ्या प्रो टीम पाळीपाळीनं पोरं निवडतात, सात फेऱ्या असतात. वॉर्नर नॉर्दर्न आयोवाला होता, ते ओहायो स्टेट किंवा मिशिगनसारखं बडं नाव नाही, खालच्या विभागातलं कॉलेज. तिथंसुद्धा तो शेवटच्या वर्षापर्यंत बसून होता. १९९३ ला एकदाची पूर्ण सीझन मिळाली आणि त्याच वर्षी तो त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. तरी १९९४ च्या ड्राफ्टमध्ये सातही फेऱ्यांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्याच ड्राफ्टमध्ये हीथ शुलर नावाचा क्वार्टरबॅक तिसऱ्या नंबरवर गेला, आज त्याचं खेळाडू म्हणून फारसं कुणी नाव काढत नाही.

मग ग्रीन बे पॅकर्स या प्रो टीमनं सीझनआधीच्या सराव कॅम्पला बोलावलं. तिथं ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल, टाय डेटमर असले क्वार्टरबॅक आधीच. सीझन सुरू व्हायच्या आत याला सोडून दिलं. घरी येऊन हाय-व्ही नावाच्या सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला शेल्फवर माल लावायला लागला, तासाला साडेपाच डॉलर.

आता तू विचारलेलं मधलं. १९९५ ते ९७ तो अरीना फुटबॉल खेळला, डे मॉईनच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून. हे इनडोअर असतं, मैदान ५० यार्डांचं म्हणजे नेहमीच्या निम्मं, एका बाजूला आठच जण, कडेला गाद्या लावलेल्या भिंती. जागा कमी म्हणजे वेळ कमी, विचार करत बसला की आडवा. सलग दोन वर्षं टीमला फायनलला नेलं, १९९६ आणि ९७, दोन्ही हरले. १९९८ ला सेंट लुईस रॅम्स या प्रो टीमनं करार करून युरोपातल्या लीगला पाठवलं, अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्स, तिथं यार्ड (बॉल फेकून टीमला किती पुढं नेलं ते) आणि टचडाऊन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं, आपल्या गोलसारखं) दोन्हीत लीगमध्ये पहिला. तेव्हा त्याच्या मागं बेंचवर जेक डेलोम होता, जो पुढं स्वतः कॅरोलायनाच्या टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. परत आला तर रॅम्समध्ये तिसऱ्या नंबरचा, १९९८ च्या अख्ख्या सीझनमध्ये ११ वेळा बॉल टाकला फक्त.

म्हणजे दुकान ते सुपर बोल यात पाच वर्षं आहेत. ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये नेमकी तीच गाळतात.

विटेकर

शाहूपुरी भाऊ माहिती एक नंबर, पण नशिबाचं पण लिहा की. १९९९ ला रॅम्सचा मेन क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन होता, सीझनच्या आधीच्या सराव मॅचमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं म्हणून वॉर्नरला आत घेतलं. तो फिट राहिला असता तर वॉर्नर बसलाच असता. त्याच वर्षी क्लीव्हलँड ब्राउन्स नवीन टीम म्हणून परत आली, तिच्यासाठी बाकीच्या टीमनी काही खेळाडू मोकळे सोडले होते, त्यात रॅम्सनं वॉर्नरचं नाव टाकलेलं. म्हणजे त्याच्याच टीमला तो गेला तरी चालणार होता. आणि ब्राउन्सनं पण घेतला नाही!

मिरजकर, माझं म्हणणं एवढंच की हे बघून पोरानं पुढची पाच-सहा वर्षं लावू नयेत. एक वॉर्नर दिसतो, त्याच्यासारखे कॅम्पमधून परत आलेले शेकडो असतील त्यांची पोस्ट कोण टाकत नाही. आणि हळदीची पेढी म्हणजे काय हरल्याची निशाणी नाही, सांगलीच्या हळदीला सगळ्या देशात बाजार आहे. तुमचे पप्पा पोराच्या भल्याचंच बघतायत.

कराड_नेट्स

मी कराडला पोरांना क्रिकेट शिकवतो, थोडं कोच म्हणून लिहितो. विटेकरांचं नशिबाचं बरोबर आहे, पण मला त्या गोष्टीतली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

पॅकर्सच्या कॅम्पला असताना सरावात कोचनं आत जा म्हटल्यावर वॉर्नर गेला नाही, कारण त्यांच्या चाली त्याच्या डोक्यात बसल्या नव्हत्या. ही गोष्ट त्यानं स्वतः सांगितलेली आहे. २३ वर्षांचं पोरगं तयार नव्हतं. पाच वर्षांनी ट्रेंट ग्रीन जखमी झाल्यावर तोच माणूस आत गेला तो पूर्ण तयार होता, आणि ही तयारी बेंचवर बसून झालेली नाही. अरीनामध्ये दर आठवड्याला मॅच, प्रेक्षक, अंगावर येणारी माणसं, चुकलं की लगेच समोर दिसतंय. नेटमध्ये हजार बॉल धरले तरी मॅचमध्ये शेवटच्या ओव्हरला लेगसाइडला गेलेला एक बॉल धरणं वेगळं असतं, हे मी रोज बघतो.

म्हणून मिरजकर, भाऊ बेंचवर आहे याची मला काळजी नाही, भाऊ मॅच खेळत नाही याची आहे. कॉलेज टीममध्ये जागा नाही ना, मग कॉलेजच्या बाहेर खेळू द्या. तालुक्याच्या क्लबला, जिल्ह्याच्या लीगला, लेदर बॉलची कुठलीही स्पर्धा असेल तिथं, टीम कितीही कच्ची असू दे, पूर्ण ५० ओव्हर किंवा २० ओव्हर त्यानं स्टंपमागं उभं राहायला पाहिजे. आपल्याकडं पण आता वरच्या लोकांनी बघायच्या जागा वाढल्यात, २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमिअर लीग सुरू झाली, पण तिथं निवडताना कोण किती खेळलाय हे बघतात, कोण किती वर्षं यादीत होता ते नाही.

आणि पेढीवर सकाळी बसून संध्याकाळी खेळता येतं. वॉर्नर पण दुकानात काम करत असताना आपल्या जुन्या कॉलेजच्या टीमला कोचिंगमध्ये मदत करायचा, मैदान सोडलं नव्हतं त्यानं.

शाहूपुरी_सातारा

सर अगदी मनातलं लिहिलंत. विटेकर, दार उघडलं ते नशिबानं हे मान्य, पण आत गेल्यावरचं काय? रॅम्स आदल्या वर्षी ४ जिंकून १२ हरलेली टीम. १९९९ ला १३ जिंकल्या, ३ हरल्या. वॉर्नरचे ४३५३ यार्ड, ४१ टचडाऊन, सीझनचा एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. मार्शल फॉक, आयझॅक ब्रूस, टोरी होल्ट बरोबर होते हे खरं, पण त्यांना बॉल वेळेत पोचवायला माणूस लागतोच.

आणि ती फायनल! ३० जानेवारी २०००, अटलांटा, समोर टेनेसी टायटन्स. आधी १६-० पुढं होते, टायटन्सनं १६-१६ केली, दोन मिनिटांच्या आसपास राहिलेली. वॉर्नर मागं सरकला, उजव्या बाजूनं ब्रूस सुटला, आणि वॉर्नरचा हात पुढं येत असतानाच टायटन्सचा जेव्हॉन कर्स येऊन आदळला त्याच्यावर. त्यामुळं बॉल थोडा आखूड पडला. ब्रूसनं ते पळता पळता ओळखलं, वेग कमी करून मागं येऊन धरला, बचाववाला पुढं निघून गेला, आणि ७३ यार्डांचा टचडाऊन. वॉर्नरनं तो बॉल पोचलेला बघितला पण नाही, तो खाली पडला होता. पुढं टायटन्सचा केव्हिन डायसन शेवटच्या क्षणाला टचडाऊनच्या रेषेच्या एक यार्ड अलीकडं अडवला गेला म्हणून २३-१६. वॉर्नरचे ४१४ यार्ड, तेव्हाचा सुपर बोलचा रेकॉर्ड.

मला तर त्याच्या पुढच्या करिअरचं जास्त कौतुक आहे, जे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. २००१ ला परत एमव्हीपी, पण फायनलला टॉम ब्रेडीच्या पॅट्रियट्सकडून २०-१७ हरला. मग बोट मोडलं, फॉर्म गेला, रॅम्सनं सोडलं. २००४ ला न्यूयॉर्क जायंट्सकडं गेला तर अर्ध्या सीझननंतर नवख्या ईलाय मॅनिंगला जागा दिली. अ‍ॅरिझोना कार्डिनल्सला गेला, तिथं पण मॅट लायनर्ट नावाचं तरणं पोरगं पुढं केलं. म्हणजे दोनदा एमव्हीपी झालेला माणूस परत बेंचवर! आणि तिथून २००८ च्या सीझनला त्यानं कार्डिनल्सला, ज्यांना कोण विचारत नव्हतं, सुपर बोलला नेलं, तेव्हा वय ३७. स्टीलर्सकडून २७-२३ हरले, शेवटच्या ३५ सेकंदांत गेली मॅच. २०१० ला रिटायर, २०१७ ला हॉल ऑफ फेम, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत नाव.

मिरजकर_९४

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. भावाला सगळं वाचून दाखवलं, पप्पांना पण. विटेकर, तुमचं वाचून पप्पा खूश झाले. कराडच्या सरांचं दोघांनाही पटलं, सकाळी पेढी आणि दुपारनंतर खेळ असं वर्षभर करून बघायला पप्पा तयार आहेत. पण सर, भावाचा प्रश्न असा की आमच्या भागातल्या क्लबमध्ये पण कीपर ठरलेले आहेत, मग जायचं कुठं?

कराड_नेट्स

ज्या क्लबचा कीपर नोकरीला पुण्याला गेलाय असे शोधा, दर सीझनला दोन-तीन तरी निघतात. तासगाव, पलूस, इस्लामपूर तिन्हीकडं विचारा, सरळ कॅप्टनशी बोलायचं. ओपनिंग बॅटिंग येते का त्याला? येत असेल तर आधी तेच सांगा, कीपर आणि ओपनर म्हटल्यावर लवकर घेतात. आमच्याकडं रविवारी सकाळी सराव मॅच असते, एकदा पाठवा, ग्लोव्हज त्याचे त्यानं आणावेत, मी स्वतः उभा राहून बघतो.