मदत हवी आहे: साडेआठ महिन्यांच्या बाळाला जुलाब आणि ताप, ओआरएस, झिंक, पॅरासिटॅमॉल किती आणि कसं द्यायचं?

विक्रोळीची_आई

मुलगी साडेआठ महिन्यांची, वजन ८ किलो. कालपासून पाण्यासारखे पिवळसर जुलाब, दिवसातून सात-आठ वेळा. रक्त नाही, आव नाही. दोनदा उलटी झाली. ताप १०१ च्या आसपास. अंगावर पितेय, पण वरचं काही घेत नाही. काल संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ओआरएस, झिंक आणि ताप चढला तर पॅरासिटॅमॉल सांगितलं. घाईत माप नीट विचारायचं राहिलं आणि आज रविवार, दवाखाना बंद.

१) ओआरएसचं पाकीट मोठं आहे. एवढं पाणी ती पिणार नाही, तर थोडी थोडी पावडर वाटीत कालवून चालेल का?
२) घरात पॅरासिटॅमॉलचे थेंब आहेत आणि जावेच्या मुलाचं सिरपही आहे. दोन्ही एकच का?
३) सासूबाई म्हणतात, दात येताहेत म्हणून होतंय, दूध बंद करून साबुदाण्याचं पाणी द्या. काय करू?

पाणकळा

बाकी सगळं नंतर. आधी हे सांगा: शेवटची शू कधी झाली? रडताना डोळ्यांत पाणी येतं का? टाळू खोल गेल्यासारखी वाटते का? चमचा तोंडाशी नेला की हपापल्यासारखी पिते, की नेहमीसारखी, की तोंडच फिरवते?

डायपर असेल तर शू कळत नाही, पातळ शी त्यातच मिसळते. मुलींच्या बाबतीत तर फारच. दोन दिवस सुती लंगोट बांधा आणि पुढच्या बाजूला कापसाचा मोठा बोळा ठेवा. तो ओला झाला की शू झाली.

पोटावरची चिमटीही बघा. बेंबी आणि कुशीच्या मधोमध कातडी दोन बोटांत उभी धरायची, क्षणभर थांबून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश बसत असेल तर पाणी कमी पडतंय. दोन सेकंदांहून जास्त लागले तर घरी थांबायचंच नाही.

विक्रोळीची_आई

शू तासाभरापूर्वी झाली, थोडी गडद होती. डोळ्यांत पाणी येतंय. चिमटी लगेच बसली. चमच्याने पाणी घेते, पण कुरकुर चालू आहे.

पाणकळा

मग आत्ता घरी सांभाळता येईल. पण पाकिटाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. थोडी थोडी पावडर काढून कालवू नका. पाकिटात मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम आणि सायट्रेट एकत्र असतं, पण ते सगळीकडे सारखं मिसळलेलं असेलच असं नाही. वरचा चमचा आणि तळाचा चमचा सारखा निघेलच याचा भरवसा नाही. शिवाय वाटीभर पाण्यात अंदाजाने घातलेली पावडर बहुतेक वेळा जास्तच होते. घट्ट ओआरएसमुळे रक्तातलं सोडियम वाढतं, बाळ चिडचिडं होतं, तहान भागत नाही, प्रकरण वाढलं तर झटके येतात. पातळ केलं तर क्षार पुरत नाहीत. दोन्हीकडे नुकसान बाळाचंच.

मोठं पाकीट पूर्ण १ लिटरचं असतं. पाणी उकळा (खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर), झाकून गार करा. मग रिकामी, स्वच्छ धुतलेली १ लिटरची पाण्याची बाटली मापाला घ्या. फुलपात्रावर जाऊ नका, कुणाचं दीडशे मिलीचं तर कुणाचं तीनशेचं. झाकणाच्या भांड्यात सगळं पाकीट एकदम ओता, ढवळा. ओआरएस तयार झाल्यावर पुन्हा उकळायचं नाही आणि त्यात साखर, दूध, रस काहीही घालायचं नाही. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. फेकताना जीव हळहळतो, पण त्यात जंतू वाढतात. एवढं पाणी वाया घालवायचं नसेल तर २०० मिलीची लहान पाकिटं मिळतात, तीच आणा.

किती द्यायचं: दोन महिने ते दोन वर्षं या वयात प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. गटागट पाजलं की उलटी होते आणि घरचे म्हणतात हिला ओआरएस पचत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश.

औषधवाला

पाकिटाबद्दल जोडतो. मागच्या बाजूला घटक वाचा. १ लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र. फळांच्या चवीची तयार पेयं टेट्रापॅकमध्ये मिळतात, ती ओआरएस नव्हेत. त्यात साखर कितीतरी जास्त असते आणि ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते, म्हणजे जुलाब वाढतात. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी कोपऱ्यावरच्या दुकानात जुना माल असू शकतो, म्हणून नाव नाही, घटक वाचा.

आता पॅरासिटॅमॉल. थेंब आणि सिरप एकच नाही. थेंबांच्या बाटलीत साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ असतं. सिरप दोन प्रकारचं: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ, आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ. सिरपच्या सवयीने थेंबांच्या बाटलीतलं ५ मिली दिलं तर एका वेळी ५०० मिग्रॅ पोटात जाईल. ८ किलोच्या बाळाला ते चौपटीहून जास्त आहे आणि यकृताला धोका आहे.

हिशोब: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. म्हणजे तुमच्या मुलीला एका वेळी ८० ते १२० मिग्रॅ.
– थेंब (१ मिलीत १००): ०.८ ते १.२ मिली
– सिरप (५ मिलीत १२०): ३.५ ते ५ मिली
– सिरप (५ मिलीत २५०): १.६ ते २.४ मिली

दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा. २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. घरात दोन बाटल्या असतील तर एक कपाटात वर ठेवून द्या आणि डोसाची वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावा. आईने दिलेला डोस आजीला माहीत नसतो, असं होतं. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटॅमॉल असतं, ती सोबत देऊ नका. मोजायला त्याच बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या, पोह्यांचा चमचा नको.

ताप १०१ असून खेळत असेल तर औषधाची घाई नाही. इब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही तापाची दुसरी औषधं मनाने देऊ नका. पाणी कमी झालेल्या बाळाच्या मूत्रपिंडाला ते जड जातं, आणि पावसाळ्यात मुंबईत डेंग्यू असेल तर रक्तस्रावाची भीती. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या तर या वयात अजिबातच नाहीत.

परळची_सिस्टर

सासूबाईंना सांगा, दात आणि जुलाब यांचा संबंध एवढाच की या वयात बाळ रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि नेमके तेव्हाच दात येतात. दोष दाताला मिळतो.

अंगावरचं दूध बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. साबुदाण्याच्या किंवा नुसत्या तांदळाच्या पाण्यात हवे ते क्षार नसतात आणि पोषणही नाही. भूक लागली की मऊ मुगाची खिचडी तुपाचा थेंब घालून, दहीभात, कुस्करलेलं केळं. एका वेळी चार चमचे, पण दिवसातून सहा वेळा. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. बाळगुटी, मध, ग्राइप वॉटर यातलं काही नको. मध तर वर्षापर्यंत अजिबात नाही, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा आजार) धोका असतो.

झिंक: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिग्रॅ, पूर्ण १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ. गोळी चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची. चव धातूसारखी असते, उपाशीपोटी दिली तर उलटी होते, म्हणून पाजल्यावर द्या. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी झाले की बहुतेक घरांत झिंक बंद होतं. तसं करू नका. आतड्याचं अस्तर भरून यायला त्याची मदत होते आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब व्हायची शक्यता कमी होते. पालिकेच्या आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत ओआरएस-झिंक मोफत मिळतं.

आता कधी धावायचं. यातलं एक जरी दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नका:
– सहा तासांत शू नाही
– डोळे खोल गेले, बाळ मलूल, उठवलं तरी नीट जागं होत नाही
– पिणं थांबलं, किंवा दिलेलं सगळं उलटून पडतंय, हिरवी उलटी
– शीमध्ये रक्त
– झटका
– श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त (वर्षाच्या आतलं बाळ, झोपेत, पूर्ण एक मिनिट मोजा)

तुम्हाला राजावाडी रुग्णालय जवळ, पुढे सायन रुग्णालय, लहान मुलांसाठी परळचं वाडिया. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. मोठा पाऊस लागला की कुर्ला-सायनला पाणी भरतं, हे लक्षात घेऊन थोडं आधीच निघा. ताप तीन दिवसांवर गेला तर मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी करून घ्या.

इतर वाचकांसाठी: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

विक्रोळीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. १ लिटरची बाटली मापाला घेऊन नव्याने बनवलं, आतापर्यंत ७० मिली चमच्याने गेलं, उलटी नाही. थेंबांच्या बाटलीवर १ मिलीत १०० मिग्रॅच आहे. एक शेवटचं: दोन आठवड्यांनी तिला नऊ महिने पूर्ण होतील. गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलावी लागेल का? आणि रोटाव्हायरसचे तिन्ही डोस झालेत, तरी हे कसं झालं?

परळची_सिस्टर

रोटाची लस ६, १०, १४ आठवड्यांना देतात. ती त्या एका विषाणूचा गंभीर आजार टाळते, जुलाब करणारे बाकीचे जंतू वेगळेच. डोस झालेत हे चांगलंच आहे.

गोवर-रुबेला ढकलू नका. तोपर्यंत ती बरी झालेली असेल, आणि साधे जुलाब किंवा किरकोळ ताप हे लस थांबवायचं कारण नाही. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली होती, ती लस राहून गेलेल्या मुलांत जास्त पसरली. त्याच दिवशी जीवनसत्त्व अ चा पहिला डोसही मिळतो. कार्ड सोबत न्या आणि तिथे झिंकच्या किती गोळ्या उरल्या तेही सांगा.